परदेशांतील उन्हाळी संगीतवर्ग

नांदेड जिल्ह्यांतील मुखेडसारख्या गांवीं ज्या मुलाला गाण्याची आवड असेल, त्याची पहिली शाळा म्हणजे देवळांतील भजन होय. तेथें त्याला स्वर आणि ताल कोणी समजावून सांगत नाहीं. तो मागच्या ओळींत बसतो, टाळ धरतो, बुवांच्या तोंडाकडे आणि पखवाजावरील हातांकडे पाहातो. आणि बऱ्याच वर्षांनीं, एखाद्या एकादशीला बुवांचा आवाज बसला म्हणजे, पुढें बसण्याचा मान त्याच्याकडे येतो. विद्या अशी सावकाश अंगांत मुरावी, हा आपल्याकडील जुना संकेत आहे. म्हणूनच परदेशांत कांहीं आठवड्यांच्या उन्हाळी वर्गांत संगीत शिकवितात असें ऐकिलें म्हणजे सहज शंका येते. इतक्या थोड्या दिवसांत संगीत येणार तरी कसें?

तें येत नाहीं, हेंच या शंकेचें खरें उत्तर आहे. असा वर्ग नवशिक्यासाठीं नसतोच. ज्याची कांहीं वर्षांची तालीम झालेली आहे, त्याच्यासाठीं तो असतो. उन्हाळ्यांत तिकडील विद्यालयें बंद होतात, नाट्यगृहांचा हंगाम संपतो आणि मोठमोठे वादक व शिक्षक मोकळे होतात. या मोकळिकीचा उपयोग करून घेण्याच्या कल्पनेंतूनच हे वर्ग निघाले. इटलींतील सिएना या जुन्या नगरांत काउंट ग्विदो किजी सारासिनी यांनीं १९३२ सालीं आपल्या वाड्यांतच संगीताची अकादमी स्थापिली. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील टँगलवुड येथें, बोस्टनच्या वाद्यवृंदाचे प्रमुख सर्जी कुसेवित्स्की यांनीं १९४० सालीं असाच वर्ग उघडला. या दोन्ही ठिकाणीं शिकून आलेला एक तरुण मुंबईचा होता. त्याचें नांव झुबिन मेहता.

मेहता यांचा जन्म १९३६ सालचा. त्यांचे वडील मेहली मेहता हे व्हायोलिनवादक. १९३५ सालीं मुंबईंत उभ्या राहिलेल्या बॉम्बे सिंफनी या वाद्यवृंदाच्या संस्थापकांपैकीं ते एक. अर्थात् संगीत घरांतच होतें. तरीही मुलानें डॉक्टर व्हावें अशी घरची इच्छा होती, आणि त्या अभ्यासाला आरंभही झाला होता. तो सोडून १९५४ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, ते व्हिएन्नास गेले आणि हान्स स्वारोव्स्की यांच्यापाशीं वाद्यवृंदाचें संचालन शिकूं लागले. हातचा व्यवसाय सोडून धरलेली ही विद्या साधली नसती, तर परतीची वाट सोपी नव्हती.

संचालनाची अडचण इतर कोणत्याही वाद्याला नाहीं. सतार शिकणाऱ्याला सतार उशाशीं ठेवितां येते. मध्यरात्रीं उठून रियाज करितां येतो. संचालकाचें वाद्य म्हणजे साठ-ऐंशीं जिवंत माणसें. तीं घरीं आणून बसवितां येत नाहींत. स्वरलिपीचा ग्रंथ मुखोद्गत करावा, आरशासमोर हात हालवावे. पण त्या हातांतून स्वर निघतो कीं नाहीं, हें आरसा सांगत नाहीं. उन्हाळी वर्गाचें महत्त्व नेमकें येथें आहे. तेथें विद्यार्थ्यापुढें खरा वाद्यवृंद बसलेला असतो. एकजण उभा राहातो, बाकीचे पाहात असतात. त्याची खूण संदिग्ध असली कीं वादक एकत्र सुरू होत नाहींत, आणि चूक सर्वांच्या देखत उघडी पडते. शिक्षक थांबवितो, मनगट धरून दाखवितो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावयास लावतो. स्वतःच्या पाळीपेक्षां दुसऱ्याच्या पाळींत पुष्कळ शिकावयास मिळतें, हा अशा वर्गाचा दुसरा लाभ.

१९५६ च्या उन्हाळ्यांत मेहता सिएनास गेले. तेथें कार्लो झेक्की यांच्या संचालनवर्गांत त्यांच्याबरोबर दोघे सहाध्यायी होते. एक मिलानचे क्लाउदिओ आबादो, वय तेवीस. दुसरा डॅनियल बारेनबॉइम हा अवघा तेरा वर्षांचा मुलगा. तिघेही पुढें जगद्विख्यात झाले. सिएना येथील ओळखीमुळेंच आबादो व्हिएन्नास स्वारोव्स्की यांच्याकडे शिकावयास आले. बारेनबॉइम यांचा स्नेहही टिकला. १९६९ सालीं लंडन येथें शूबर्टच्या एका पंचवाद्य-रचनेच्या वादनांत बारेनबॉइम पियानोवर होते आणि मेहता संचालकाची छडी बाजूस ठेवून डबल-बास वाजवीत होते.

व्हिएन्नांत या दोघां मित्रांनीं केलेली एक युक्ति मुखेडच्या भजनकऱ्याला चटकन् समजेल. थोर संचालकांच्या तालमी पाहावयास विद्यार्थ्यांस मज्जाव असे. तेव्हां मेहता आणि आबादो हे गायकवृंदांत गायक म्हणून दाखल झाले! गातां गातां ब्रूनो वाल्टर, हर्बर्ट फॉन कारायान यांच्यासारख्यांचे हात त्यांना समोरून पाहावयास मिळाले. मागच्या ओळींत टाळ धरणारा मुलगा याहून वेगळें काय करतो?

१९५८ सालीं दोघेही टँगलवुड येथील उन्हाळी वर्गास गेले. शेवटीं कुसेवित्स्की-पारितोषिक आबादो यांना मिळालें. मेहता दुसरे आले. त्याच वर्षीं लिव्हरपूल येथील संचालकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत मात्र मेहता यांचा पहिला क्रमांक लागला होता. एकाच वर्षांत एकीकडे पहिला आणि दुसरीकडे दुसरा, यावरून अशा क्रमांकांस किती महत्त्व द्यावें हें उघड आहे. पुढें १९६१ सालीं माँट्रियल आणि १९६२ सालीं लॉस एंजेलिस येथील वाद्यवृंदांचें प्रमुखत्व त्यांच्याकडे आलें. तेव्हां त्यांनीं वयाचीं सत्तावीस वर्षेंही ओलांडलेलीं नव्हतीं.

हें सर्व यश दोन उन्हाळ्यांचें फळ आहे, असें मानणें चुकीचें होईल. त्यामागें वडिलांची शिकवण होती, स्वारोव्स्की यांच्यापाशीं घालविलेलीं वर्षें होतीं. उन्हाळी वर्गानें विद्या दिली नाहीं. असलेल्या विद्येची पारख केली आणि तोडीस तोड सोबती मिळवून दिले. एकट्या गुरूच्या घरीं शिकणाऱ्याला आपण कोठें उभे आहोंत हें कळण्यास फार वेळ लागतो. बरोबरीच्या दहाजणांत तें पहिल्याच दिवशीं कळतें. परंतु ज्याच्यापाशीं पूर्वीची तयारी नाहीं, त्याचा त्या वर्गांत खर्च मात्र होईल.

म्हणून मुखेडच्या एखाद्या मुलाच्या मनांत परदेशीं जाऊन संगीत शिकण्याची उमेद उत्पन्न झाली, तर तिला हसूं नये. पण आधीं त्याला देवळांतील त्या मागच्या ओळींत पुरेशीं वर्षें बसूं द्यावें. तेथें जडलेली पाहाण्याची आणि ऐकण्याची सवय सिएना येथेंही उपयोगी पडते, आणि ती तेथें नव्यानें शिकविली जात नाहीं.