पायाखालचं पाणी (भाग ७) : भोकं बुजवणारी माणसं

गेल्या आठवड्यात आपण आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या विहिरीत उतरलो होतो. तिथं पाणी मुरमात मुरतं, भेगांतून झिरपतं, मांजऱ्या खडकात साठून राहतं. पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहो न राहो, शेजारच्या वावरात काय लागेल याचा थोडाफार अंदाज गावातली जुनी माणसं बांधतात. तो फसतोही, पण बांधता येतो. चुनखडकाच्या मुलुखात मात्र तीही सोय नाही.

दक्षिण जर्मनीत इमेंडिंगन नावाचं गाव आहे. तिथं डॅन्यूब नदी चक्क जमिनीत जिरते. वर्षातले कित्येक दिवस पुढचं पात्र कोरडं ठणठणीत असतं. एकोणिसाव्या शतकात खालच्या अंगाचे गिरणीवाले वैतागले आणि नदीच्या तळातली भोकं बुजवा म्हणू लागले. तिकडे डोंगरापलीकडे आख नावाच्या झऱ्याच्या पाण्यावर चालणारे कारखानदार घाबरले. त्यांना वाटत होतं की आपला झरा म्हणजे ही गायब झालेली डॅन्यूबच आहे. भांडणाचा निकाल लावायला ऑक्टोबर १८७७ मध्ये अडोल्फ क्नॉप या भूवैज्ञानिकानं नदीच्या भोकांत २० टन मीठ, १,२०० किलो खनिज तेल आणि १० किलो फ्लुरेसिन हा रंग ओतला. साठ तासांनी १२ किलोमीटरवरचा आखचा झरा हिरवागार झाला. पाणी खारट लागत होतं आणि तेलाचा वासही मारत होता. काळ्या समुद्राकडे निघालेलं पाणी डोंगराखालून वळून ऱ्हाईनमार्गे उत्तर समुद्राकडे जात होतं.

हिशोब करून पाहा. साठ तासांत १२ किलोमीटर, म्हणजे तासाला २०० मीटर. वाळूतलं भूजल दिवसाभरात एखादा मीटर सरकलं तरी चांगलंच सरकलं म्हणायचं. हे मुरणं नव्हे, नळातून वाहणं आहे.

हा नळ पाणी स्वतःच कोरतं. पावसाच्या थेंबात हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो. त्यानं पाणी किंचित आंबट होतं आणि चुनखडक विरघळवू लागतं. सुरुवातीला सगळ्याच भेगा केसाएवढ्या असतात. त्यातली एखादी जराशी रुंद असते. तिच्यातून पाणी जास्त जातं, म्हणून ती जास्त झिजते, म्हणून तिच्यातून आणखी पाणी जातं. बळी तो कान पिळी. हजारो वर्षांनी बाकीच्या भेगा तशाच राहतात आणि एकीची गुहा होते. स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवर क्रास नावाचं पठार आहे, त्यावरून अशा साऱ्या भूमीला ‘कार्स्ट’ हे नाव पडलं.

पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीनं याचा अर्थ सरळ आहे. वाळूतून झिरपताना पाणी गाळलं जातं, इथं गाळायला काहीच नाही. खड्ड्यात टाकलेलं मेलेलं जनावर दोन दिवसांनी कुणाच्या तरी घागरीत पोचतं.

आता अशा जमिनीवर धरण बांधायचं आहे असं समजा. आधी बोअर घेऊन खडक तपासायचा, ही रीत. पण एक बोअर सलग खडकात जाते आणि तीन मीटरवरची दुसरी पोकळीत घुसते. दोन्ही खऱ्या असतात. मधल्या जागेबद्दल दोन्ही काहीच सांगत नाहीत. त्यातही रिकामी पोकळी बरी, निदान ती सापडल्यावर कळते. खरा दगा देते ती चिकणमातीनं गच्च भरलेली पोकळी. सिमेंटचा रस दाबानं आत सोडला, म्हणजे ग्राउटिंग केलं, तरी तो रस मातीला बाहेर ढकलत नाही. कागदावर तिथं पाणी अडवणारा सिमेंटचा पडदा पूर्ण झालेला असतो. मग धरण भरतं, पाण्याचा दाब वाढतो आणि ती माती हळूहळू धुऊन निघते.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात कंबरलँड नदीवर वुल्फ क्रीक धरण आहे, थोडं काँक्रीटचं आणि बरंचसं मातीचं. ते १९५२ च्या सुमारास कामाला लागलं. १९६७-६८ मध्ये धरणाखाली गढूळ पाणी येऊ लागलं आणि पायथ्याजवळ जमीन खचून खड्डे पडले. पंधरा वर्षांत चुनखडक एवढा विरघळत नाही. विरघळण्याचं काम निसर्गानं फार आधी उरकलं होतं, धरणानं फक्त आतली माती धुतली. बांधकामाच्या वेळी पाया खणताना लागलेल्या गुहांच्याच वाटेनं चर नेला होता, त्याच्या कडा उभ्या होत्या आणि त्यात भरलेली माती नीट दाबली गेली नव्हती. घाईघाईनं ग्राउटिंग झालं. पुढं १९७५ ते १९७९ मध्ये धरणातून खडकात काँक्रीटची भिंत उतरवली. ती पुरेशी खोल आणि लांब नव्हती, पाण्यानं वळसा शोधला. २००७ मध्ये तलावाची पातळी मुद्दाम खाली आणावी लागली. मग एकमेकांत घुसणाऱ्या काँक्रीटच्या खांबांची दुसरी भिंत बांधली, ती २०१३ मध्ये पुरी झाली. खर्च जवळपास ६० कोटी डॉलर. मूळ अभियंते बावळट होते, असं मला वाटत नाही. त्यांना गुहा दिसल्या होत्या. दिसलेल्या तेवढ्याच गुहा आहेत, असं त्यांनी धरलं.

इराकमधल्या मोसुल धरणाची गोष्ट वेगळ्या जातीची आहे. तिथं पायात चुनखडकाबरोबर जिप्समचे थर आहेत, आणि जिप्सम चुनखडकाच्या कितीतरी पट वेगानं विरघळतं. म्हणजे इथं भोकं नुसती जुनी नाहीत, ती धरणाच्या हयातीत नव्यानंही पडतात. ११३ मीटर उंचीच्या या धरणाखालच्या बोगद्यातून १९८६ पासून ग्राउटिंग चालू आहे. एका जागी भरलं की काही दिवसांनी शेजारी पोकळी. ऑगस्ट २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटनं काही दिवस धरणाचा ताबा घेतला. ताबा परत मिळाला तरी ग्राउटिंगची घडी विस्कटलेलीच होती. २०१६ मध्ये एका इटालियन कंपनीला दुरुस्तीचं कंत्राट मिळालं. धरणाखालच्या खडकात पुन्हा सिमेंट ओतलं गेलं आणि २०१९ मध्ये ते काम इराकी पथकांच्या हाती आलं. ती पथकं अजून बोगद्यात उतरतात.

पुढच्या आठवड्यात आपल्याच चुनखडकाकडे, वणी आणि चंद्रपूरकडे.