गांजा, कायदा आणि सज्ञान नागरिक

गांज्याचा विषय निघाला की आपल्यापुढे दोन चित्रे उभी राहतात. एक शिवरात्रीला भांग घोटणाऱ्या भाविकाचे, दुसरे बेड्या पडलेल्या आरोपीचे. झाड मात्र एकच! गांजा ओढणे चांगले, असे सिद्ध करण्याचा माझा हेतू नाही. प्रश्न एवढाच की, सज्ञान माणसाने तो स्वतःपुरता वापरला, तर त्याला तुरुंगात घालावे काय?

या झाडाची पाने म्हणजे भांग, मादीच्या झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, आणि राळ म्हणजे चरस. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी घातली. नुसती पाने त्या व्याख्येबाहेर राहिली. म्हणून उत्तर प्रदेशात व राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकाने चालतात. उलट एखाद्या तरुणाच्या खिशात गांज्याची लहानशी पुडी सापडली, तर त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. किलोभरापर्यंतचा गांजा कायदा ‘अल्प’ मानतो, हे खरे. पण अल्प म्हणजे माफ नव्हे. शिक्षा झाली नाही तरी खटला, वकिलाचा खर्च आणि नोकरीच्या वेळी पोलिसांकडून होणारी चौकशी त्याच्या मागे लागते. व्यसनाने जेवढे नुकसान झाले नसते, तेवढे त्यावरील इलाजाने होते.

या प्रश्नाचा शोध आपल्या देशात पूर्वीच झाला आहे. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात चर्चा होऊन सरकारने एक आयोग नेमला. त्याने देशभर हिंडून हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. गांज्याने वेड लागते, या समजुतीला वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींचा मोठा आधार होता. आयोगाने एकेक प्रकरण तपासले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी रोग्याला आणणाऱ्या पोलिसाने पुरेशा चौकशीवाचून ‘गांजा’ हे कारण लिहिल्याचे आढळले. अतिसेवन घातक आहे, हे आयोगाने मान्य केले; परंतु माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, म्हणून बंदीपेक्षा कर आणि परवाना बरा, असा निष्कर्ष त्याने १८९४ साली दिला.

मग बंदी आली कशी? १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांज्याला अफूच्या पंक्तीस बसवले, आणि त्या कराराला अनुसरून आपला १९८५ चा कायदा झाला. पुढे २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजा सर्वांत कडक यादीतून काढला. त्या ठरावाच्या बाजूने भारतानेही मत दिले. देशातील कायदा मात्र होता तेथेच राहिला.

इतरांनी वेगळी वाट धरली. उरुग्वेने २०१३ साली कायदा केला. कॅनडाने २०१८ साली सज्ञानांना ३० ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगण्याची मुभा दिली. जर्मनीने २०२४ साली २५ ग्रॅमची मर्यादा घातली. तेथे सारे सुरळीत झाले, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. कॅनडात चोरटा धंदा संपलेला नाही, आणि गांजा घातलेली गोड खाद्ये चुकून खाल्ल्याने लहान मुलांना इस्पितळात न्यावे लागल्याचे प्रकार वाढले. यावरून मोकळीक किती व कोणत्या अटींवर द्यावी, हा धडा घ्यावयाचा.

आक्षेपही खरे आहेत. कोवळ्या वयात नियमित गांजा घेतल्यास स्मरणशक्तीवर परिणाम होतो. ज्यांना मानसिक विकाराचा धोका आहे, त्यांना तो अधिक बाधतो. नशेत वाहन चालवणे तर गुन्हाच असला पाहिजे. पण हे आक्षेप बंदीने सुटतात काय? चोरून विकणारा गिऱ्हाइकाचे वय विचारीत नाही, पुडीत काय मिसळले ते सांगत नाही, आणि गांज्याबरोबर त्याहून भयंकर मालही पुढे करतो. परवान्याच्या दुकानदाराला मात्र तीव्रतेची, वयाची आणि जाहिरातबंदीची अट घालता येते. ती मोडल्यास परवाना काढून घेता येतो.

दारूला आपण परवाना देतो, तंबाखूच्या पाकिटावर इशारा छापतो. त्या दोन्ही वस्तू चांगल्या म्हणून नव्हे, तर माणसे त्या घेणारच, हे ओळखून. गांज्यालाही तोच न्याय लावावा. व्यसनी माणसासाठी वैद्य असावा, चोरट्या व्यापाऱ्यासाठी पोलीस असावा, आणि घरात बसून कोणाला उपद्रव न देणाऱ्या सज्ञान माणसाला त्याच्या विवेकावर सोडावे. उपदेश जरूर करावा. पण उपदेशाचे काम बेडीकडे देऊ नये.