ताप गेला, सांधे राहिले



मैंदर्गी हें सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यांतील, कर्नाटकाच्या सीमेजवळचें लहानसें गांव. तेथें मराठीच्या जोडीला कानडीहि कानीं पडते. हा सारा मुलूख अवर्षणाचा. पाणी आलें कीं तें रांजणांत, हौदांत, पिंपांत भरून ठेवावें, ही इकडच्या घरांची जुनीच रीत. या साठविलेल्या पाण्याचा आणि सकाळीं उठतांना आखडणाऱ्या बोटांचा कांहीं संबंध असेल, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तो कसा असूं शकतो, आणि कोठपर्यंत, हें आज सांगावयाचें आहे.

याच जिल्ह्यांतील बार्शी येथें १९७३ सालीं चिकुनगुन्याची सांथ आली. साठविलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढणारा व दिवसा चावणारा एडिस जातीचा डांस या रोगाचा विषाणु पसरवितो. आफ्रिकेंतील टांगानिका देशांत, म्हणजे आजच्या टांझानियांत, १९५२-५३ सालीं हा रोग प्रथम ओळखला गेला. रोगी वेदनेनें वांकून जातो. त्यावरूनच तेथील माकोंडे लोकांच्या भाषेंतील हें नांव रूढ झालें. बार्शीनंतर सुमारें तीस वर्षें आपल्याकडे मोठी सांथ झाली नाहीं. पुढें २००५ च्या अखेरीस रोग परतला, आणि २००६ सालीं देशांत १३ लाखांहून अधिक संशयित रोगी नोंदले गेले. महाराष्ट्रासहि त्याची मोठी झळ लागली.

चिकुनगुन्याचा ताप बहुधा आठवड्याभरांत उतरतो. पुष्कळांचे सांधेहि कांहीं आठवड्यांत मोकळे होतात. परंतु कित्येकांचे महिनोन्महिने, क्वचित् वर्षानुवर्षें, सुजलेले व दुखरे राहतात. असें कां व्हावें? रोग्याच्या रक्तांत विषाणु तर केव्हांच सांपडेनासा झालेला असतो. कांहीं रोग्यांच्या सांध्यांच्या अस्तरांत त्याचे अवशेष मात्र आढळले आहेत. शत्रु निघून गेला तरी शस्त्र खालीं न ठेवणाऱ्या सैन्यासारखी देहाची प्रतिकारशक्ति तेथें लढतच राहते, आणि घाव बसतात ते आपल्याच सांध्यांवर. या न शमणाऱ्या दाहाची आज सर्वांत संभाव्य वाटणारी उपपत्ति ही आहे.

मग ज्याला आपण आमवात म्हणतों, तो ऱ्हुमॅटॉइड संधिवातहि एखाद्या जंतूमुळेंच होत असेल काय? पुणें-सोलापूर रस्त्यावरील भिगवण येथें १९९६ सालीं सुरू झालेल्या पाहणींत हजार माणसांमागें सुमारें ५ जणांना हा रोग आढळला. पुरुषांपेक्षां स्त्रियांत तो दुपटीतिपटीनें अधिक. त्याचा एकच असा जंतु आजवर सिद्ध झालेला नाहीं. संशयाला मात्र जागा आहे. हिरड्यांच्या रोगांतील एक जंतु प्रथिनांची घडण किंचित् पालटतो. धूम्रपानानें फुप्फुसांतहि तसाच पालट घडतो. ज्यांची आनुवंशिक ठेवण अनुकूल असते, त्यांच्या देहाला अशीं पालटलेलीं प्रथिनें परकीं वाटतात, व तो त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करतो. असे प्रतिपिंड सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षें आधींपासून रक्तांत दिसूं शकतात. चिकुनगुन्यानंतरच्या सांधेदुखींत ते बहुधा आढळत नाहींत. म्हणून दोन्ही रोगांना एकच मानूं नये.

जंतु सांपडला म्हणजे सारें संपलें, असेंहि नाहीं. अमेरिकेंतील लाइम या गांवीं १९७५ च्या सुमारास अनेक मुलांचे सांधे सुजले. प्रथम तो लहान मुलांचा संधिवात वाटला; पुढें गोचिडीच्या चाव्यांतून शिरणारा जंतु १९८२ सालीं प्रसिद्धीस आला. जंतुनाशक औषधांनीं बहुतेक रोगी बरे होतात. परंतु जंतु नष्ट झाल्यावरहि कांहींचे गुडघे सुजलेलेच राहतात. आग लावणारा निघून गेला, तरी पेटलेलें घर आपोआप विझत नाहीं.

या ज्ञानाचा संसारी माणसास उपयोग काय? पहिला हा कीं, हातांचीं बोटें सकाळीं अर्धा-पाऊण तास आखडलेलीं राहत असतील, सांधे सुजले असतील व हें सहा आठवडे टिकलें असेल, तर ‘वय झालें’ म्हणून स्वस्थ बसूं नये. आमवातांत सांध्यांचें कायमचें नुकसान पहिल्या एकदोन वर्षांतच होऊं लागतें. त्या अवधींत दाह शमविणारें योग्य औषध सुरू झालें तर हात वांचतात. दुसरा हा कीं, नांव नसलेल्या पुड्या घेऊं नयेत. त्यांत स्टिरॉइड मिसळलेलें असूं शकतें. आज उतार पडतो, पण पुढें हाडें ठिसूळ होतात, मधुमेह बळावतो. आणि तिसरा हा कीं, पाण्याचीं भांडीं झांकावींत, व आठवड्यांतून एकदां रिकामीं करून आंतून घांसावींत. डांसाचीं अंडीं भांड्याच्या कडेला चिकटून कोरडींहि महिनोन्महिने जिवंत राहतात. ज्या मुलखांत पाण्याचा थेंब थेंब जपावा लागतो, तेथें तें ओतून टाका असें म्हणणें सोपें नाहीं. तें पाणी झाडांना घालावें, वापरण्यास घ्यावें. पण भांडें एक दिवस कोरडें पडूं द्यावें. विषाणु एकदां सांध्यांत शिरल्यावर त्याला बाहेर काढणारें औषध आपल्याजवळ नाहीं. दारांत अडविणें मात्र आपल्या हातीं आहे.