फेरिटिनचा पिंजरा आणि अर्बुदाचे निदान

पांडुरोगात सीरम फेरिटिनची तपासणी आपण नेहमीच लिहून देतो. लोह साठविणारे हे प्रथिन म्हणजे २४ घटकांचा, सुमारे १२ नॅनोमीटर व्यासाचा पोकळ गोल. चिनी संशोधकांनी जनुकतंत्राने मानवी फेरिटिन घडवून त्याच्या पोकळीत लोहाचे ऑक्साइड भरले. अनेक कर्कपेशींवर ट्रान्सफेरिनचे ग्राही विपुल असतात. हे कण त्यांना चिकटतात आणि आतील लोहामुळे रंजकास रंग चढतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात ४७४ नमुन्यांवर संवेदनशीलता ९८ टक्के, तर विशिष्टता ९५ टक्के आढळली. केवळ ‘नॅनो’ शब्दावरून याचे भस्मांशी नाते जोडण्याची घाई आम्हांस रुचत नाही. या पद्धतीलाही शरीरातून काढलेली ऊतीच लागते. तेव्हा संशयित ग्रंथीचा रुग्ण लेपावर न थांबविता बायॉप्सीसाठी त्वरित पाठवावा, असे आम्ही व्यवसायबंधूंना सुचवितो.