भरलेला डबा रद्द होत नाही

सकाळी ८.५०. लोअर परळ स्टेशनातून ती डिलाईल रोडला लागते. पाटीवर ना. म. जोशी मार्ग, तोंडात डिलाईल रोडच. हातात वीस रुपयांचा वडापाव, तोच नाश्ता.

९.१५. एका जुन्या गाळ्यात चार टेबलांचं ऑफिस. पगार अडतीस हजार. काम खाणावळींच्या डब्यांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. तक्रार आलीय: गिऱ्हाइकाने भरलेला डबा रद्द केला, खाणावळवाल्या मावशींच्या हिशेबातून ९५ रुपये कापले गेले.

९.४०. जुन्या कोडमध्ये डब्याला चार होय-नाही खुणा: शिजतोय, भरला, पोचला, रद्द. त्यांच्या जोड्या होतात १६. खऱ्या डब्याच्या अवस्था पाचच: या चार आणि सगळ्यांआधीची नुसती नोंद. उरलेल्या ११ जोड्यांपैकी काहींत डबा भरलेलाही असतो आणि रद्दही. ९५ रुपये तिथेच गेले.

११.००. म्हणून पायथनची 'ट्रान्झिशन्स' लायब्ररी. छोटीशी, 'पिप'ने क्षणात बसते. अवस्था सांगायच्या, कुठून कुठे जाता येतं ते लिहायचं. त्यासाठीच्या मेथड डब्याच्या ऑब्जेक्टला लायब्ररी स्वतः जोडते. यादीबाहेरची उडी मारली की 'मशीनएरर'.

१२.१०. रद्द कुठवर चालेल, हे मात्र लायब्ररी कशी सांगणार? ती मागच्या गल्लीत जाते. मावशी पोळ्या मोजतायत. त्यांची आई गिरणी कामगारांना जेवायला घालायची. १९८२च्या गिरणी संपात बरीच गिऱ्हाइकं गावी गेली. अशा खाणावळवाल्या बायकांसाठीच प्रेमाताई पुरव यांनी १९७५ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं.

"मावशी, रद्द कधीपर्यंत घेऊ?"

"शिजतंय तोवर घे गं. भाजी दुसऱ्याला जाईल. पोळी डब्यात गेली की मग नाही."

१.३०. रद्द करण्याच्या ओळीत तिने आधी तात्पुरती चांदणी टाकून ठेवलेली. चांदणी म्हणजे कुठूनही. ती खोडून आता दोनच अवस्था लिहिते: नोंदला, शिजतोय.

३.३०. चाचणी. भरलेला डबा रद्द करून बघते. मशीनएरर. हवाच होता. पण ग्राहकसेवेच्या स्क्रीनवरून तोच डबा सहज रद्द होतो! लायब्ररी प्रत्येक अवस्थेसाठी 'टू_'ने सुरू होणारी मेथड आपणहून बनवते. ती कुठूनही थेट तिथे नेते. ही चोरवाट अशा धंद्यात नकोच. 'ऑटो_ट्रान्झिशन्स'पुढे ती 'फॉल्स' लिहिते. पुन्हा चाचणी. आता अडतो.

५.४५. दहा रुपयांचा कटिंग. गिऱ्हाइकाला दिसणारा मजकूर ती मराठीत लिहिते: डबा भरला आहे, आता रद्द होणार नाही.

६.३०. कापलेले ९५ रुपये कोडने परत येत नाहीत. ती व्हाउचर भरून साहेबांपुढे ठेवते.

"उद्या बघू."

"आजच करा ना सर. सकाळी मावशींना तेल आणायचंय."

साहेब पेन शोधतात.