मनीप्लांट टवटवीत, आजी मात्र कोमेजलेल्या

गेल्या वैशाखात खुलताबादेतील एका घरून दुपारी बोलावणे आले. आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. दोन दिवसांपासून अन्नावर वासना नाही, उठले की भोवळ. खोलीत शिरलो तर कूलर जोरात चालू, खिडक्या घट्ट बंद आणि कोपऱ्यात मनीप्लांटचा वेल छतापर्यंत पोहोचलेला. सूनबाई म्हणाल्या, “खोली गारच असते, डॉक्टर. झाड बघा ना किती छान वाढलंय!”

झाड खरोखरच छान होते. आजींचे अंग मात्र घामाने चिकट झालेले, जीभ कोरडी, नाडी जलद. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. मी आधी खिडकी उघडली, मग पिशवी.

असे का झाले? मनीप्लांट, पीस लिली, नेचे ही मूळची उष्ण प्रदेशातील दमट जंगलांच्या सावलीतली झाडे. पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून ती सतत पाणी सोडतात. हवा कोरडी असली की मुळे पुरवतील त्याहून अधिक पाणी पाने गमावतात आणि त्यांच्या कडा करपतात. म्हणून दमट हवा त्यांना मानवते. आपले शरीर उन्हाळ्यात थंड राहते ते घाम वाळल्यामुळे. बंद खोलीत कूलर तासन्‌तास चालला की हवा बाष्पाने भरते, घाम वाळत नाही आणि शरीरातील उष्णता आतच कोंडते. उतारवयात घाम कमी येतो, तहानही उशिरा लागते. त्यामुळे झाड ज्या हवेत फोफावते, तिथेच माणूस थकतो.

आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, तर श्रावणात ८० च्या घरात जाते. माणसाला साधारण ४० ते ६० टक्के सोसते; या झाडांना ५० ते ६० टक्के आर्द्रता आणि १८ ते ३० अंश तापमान आवडते. म्हणजे पन्नाशीच्या आसपास दोघांचे जमते. काही शे रुपयांत मिळणारे आर्द्रतामापक यंत्र आजारी माणसाच्या खोलीत जरूर टांगावे. कूलर लावताना समोरची खिडकी वीतभर उघडी हवीच. काटा ६० च्या पुढे गेला की कूलरचा पाण्याचा पंप काही वेळ बंद करून नुसता पंखा चालवावा. डोंगरावरच्या आमच्या गावाला पहाटेचा गार वारा लाभतो. त्या वेळी दारे-खिडक्या उघडाव्यात, ऊन चढले की पडदे ओढावेत.

पानांवर पाणी फवारल्याने आर्द्रता काही मिनिटेच वाढते. त्यापेक्षा कुंड्या एकमेकींजवळ ठेवाव्यात. कूलरचा वा एसीचा झोत मात्र ना झाडावर असावा, ना म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर.

पावसाळ्यात सारे उलटते. भिंतींना ओल येते, कुंडीतल्या मातीवर पांढरी बुरशी धरते. घरात दम्याचा रुग्ण असेल तर अशी कुंडी ओसरीत न्यावी आणि वरची माती बोटभर खोल कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नये. कुंडीखालची थाळी आणि मनीप्लांटची बाटली आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासावी. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि वाळली तरी जगतात.

झाडे रात्री खोलीतला प्राणवायू संपवतात, ही भीती अनेकांना वाटते. एका कुंडीपेक्षा शेजारी झोपलेला माणूस कितीतरी अधिक प्राणवायू वापरतो, तेव्हा ती सोडून द्यावी. दोन-चार कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होते, हेही तितकेसे खरे नाही. डिफेनबॅकियाबद्दल मात्र मी आग्रही आहे. त्याचे पान चावल्यास तोंड व घसा सुजतो. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती किंवा रांगते मूल असलेल्या घरात ते नकोच.

त्या आजींना जलसंजीवनी दिली, गोळीची मात्रा बदलली, खिडकी उघडी ठेवायला सांगितली. चौथ्या दिवशी त्या ओसरीत बसलेल्या दिसल्या. मनीप्लांटची दोन पाने पिवळी पडली होती. त्याची तक्रार त्यांनी माझ्याकडेच केली.