गंधाचा माग

नायगारा धबधब्याने अडवलेला सागरी लॅम्प्री मासा वेलँड कालव्यातून उत्तर अमेरिकेच्या वरच्या सरोवरांत शिरला. १९२१ मध्ये तो ईरी सरोवरात सापडला. जबडा नसलेल्या, चकतीसारख्या दातेरी तोंडाने तो ट्राउटला चिकटतो नि रक्त शोषतो. एक लॅम्प्री सुमारे १८ किलो मासे मारू शकतो. विणीसाठी मात्र तो आपली जन्मनदी शोधत नाही. गाळातल्या लॅम्प्रीच्या अळ्यांचा वास जिथे येईल, ती नदी धरतो. पुढे मादी नराच्या गंधामागे जाते. त्या गंधातला मुख्य घटक प्रयोगशाळेत बनवून सापळ्यांत वापरायला अमेरिकेने २०१५ मध्ये मान्यता दिली. मला त्याहून विलक्षण वाटतो तो मेलेल्या लॅम्प्रीचा वास. पाण्याच्या एका बाजूला तो मिसळला, की वर निघालेले लॅम्प्री दुसऱ्या बाजूला सरकतात. सापळा तिथेच लावता येतो.